माकुल चिवट होते ते कोणत्या मिनिटांत

आपण देशावरून बदली होऊन रत्नागिरीत आला आहात, मासळीची आवड नव्यानेच लागली आहे आणि आतापर्यंत चार वेळा आणलेले माकुल (इंग्रजीत स्क्विड) चारही वेळा रबरासारखे झाले, असे आपण लिहिले आहे. शेजारच्या वहिनींनी ‘कमी शिजवा’ असे सांगितले, मासळी बाजारातल्या कोळणीने ‘भरपूर शिजवा’ असे सांगितले, आणि दोन्ही करून पाहूनही फरक पडला नाही, तेव्हा माकुल घ्यावे कसे, साफ कसे करावे आणि शिजवावे किती, असा आपला प्रश्न आहे. गेली बावीस वर्षे मी घरगुती खानावळ चालवते आणि मासेमारीच्या हंगामात आठवड्यातून दोनतीनदा तरी माझ्या ओट्यावर माकुल असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वहिनी आणि कोळीण या दोघींचेही म्हणणे खरे आहे. अडचण अशी, की आपण ‘कमी’ म्हणजे आठ मिनिटे आणि ‘भरपूर’ म्हणजे वीस मिनिटे धरलीत, आणि माकुलाच्या बाबतीत या दोन्ही वेळा नेमक्या चुकीच्या जागी पडतात. माकुल दोन मिनिटांच्या आत मऊ असते किंवा अर्ध्या तासानंतर मऊ होते, आणि मधला सगळा वेळ ते चिवटच राहते. त्याचे मांस म्हणजे अत्यंत बारीक स्नायूतंतूंचे घट्ट विणलेले कापड असते आणि त्याला आतून-बाहेरून कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे अस्तर असते. माशाच्या मांसातही हे कोलॅजेन असते, पण ते थोडे आणि नाजूक असते, त्यामुळे सुरमईची तुकडी पाच मिनिटांत शिजून सुटी होते. माकुलाचे कोलॅजेन पुष्कळ आणि बळकट असते. उष्णता साठ अंशांच्या आसपास पोचली, की ते आक्रसते, ओले फडके पिळावे तसे आतले पाणी पिळून काढते आणि तुकडा घट्ट होतो. पुढे तीसचाळीस मिनिटे मंद आच मिळाली, की तेच कोलॅजेन विरघळून मऊ चिकासारखे होते आणि तुकडा पुन्हा दाताखाली सहज तुटू लागतो.

लग्नानंतर पहिल्यांदा माकुल माझ्या हाती आले तेव्हा माझीही हीच गत झाली होती. माझे माहेर खेड तालुक्यातले, खाडीपासून लांब. सुकी मासळी माहीत होती, पण माकुल कधी पाहिलेही नव्हते. पाहुणे यायचे होते, मी पंधरा मिनिटे शिजवून चव पाहिली आणि घाबरून टोप खाली उतरवून ठेवला. वाटले, आणखी शिजवले तर आणखी कडक होईल. सासूबाईंनी एक तुकडा चावून पाहिला आणि म्हणाल्या, “उतरवलंस कशाला? ठेव परत चुलीवर, वर झाकणात पाणी घाल आणि अर्धा तास तिकडे बघू नकोस.” त्या दिवशी जेवण उशिरा झाले, पण माकुल उत्तम झाले होते. आपल्याकडूनही पुढे कधी असे झाले, तर ते टाकून देऊ नये आणि पाहुण्यांसमोर तसेच वाढूही नये. झाकण ठेवून शिजवत राहावे. फार शिजून माकुल बिघडते ते फारच क्वचित, पण अर्धवट वेळी उतरवल्याने रोज कुठे ना कुठे बिघडत असते.

आता बाजाराकडे वळू, कारण दोन मिनिटे शिजवायचे की चाळीस, हे मुख्यत्वे माकुलाच्या आकारावर ठरते आणि आकार आपण बाजारात निवडतो. त्याआधी नावाचा थोडा घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे माकुल, माकूल, म्हाकुल अशी नावे ऐकू येतात, आणि गोव्याच्या बाजूला गेलात तर माणकी. मात्र ‘माकुल’ म्हणून दोन वेगळे जीव विकले जातात. एकाचे अंग नळीसारखे लांब असते, टोकाला त्रिकोणी पंखांची जोडी असते आणि आत प्लास्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक लवचीक काडी असते. हे नळ माकुल. दुसऱ्याचे अंग रुंद, अंडाकृती आणि जाड असते, पंखांची झालर सगळ्या अंगाभोवती फिरलेली असते आणि पाठीत पांढरा, खडूसारखा ठिसूळ तुकडा असतो. किनाऱ्यावर फिरताना वाळूत पडलेला हा तुकडा आपण पाहिला असेल. त्याला समुद्रफेस म्हणतात, आयुर्वेदाच्या औषधांत तो वापरतात आणि पोपट पाळणारे लोक तो चोच घासायला पिंजऱ्यात अडकवतात. हे जाड माकुलही चवीला चांगले असते, पण ते दोन मिनिटांत करण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. आपण काही दिवस नळ माकुलच घ्यावे. मी पुढे लिहिते तेही त्याच्याबद्दलच आहे.

ताजेपणा ओळखण्याची पहिली खूण कातडीवर असते. ताज्या माकुलाचे अंग पांढुरके, किंचित पारदर्शक असते आणि त्यावर तपकिरी-जांभळट ठिपके सुटे सुटे, स्पष्ट दिसतात. हे ठिपके म्हणजे रंगाच्या बारीक पिशव्या असतात आणि माकुल जिवंत असताना त्या आकुंचन-प्रसरण करून अंगाचा रंग बदलत असते. होडीतून नुकत्याच उतरवलेल्या माकुलावर बोट दाबले, तर कधी कधी त्या जागेचा रंग हललेला दिसतो. असे माकुल मिळाले, तर बाजारातली बाकीची खरेदी सोडून आधी ते घ्यावे. माकुल जुने होऊ लागले, की या पिशव्या फुटतात, ठिपके पसरतात आणि रंग मांसात उतरून सगळे अंग गुलाबी किंवा लालसर दिसू लागते. नवीन माणसाला हा गुलाबी रंग ताजेपणाचा वाटतो. तो तसा नसतो.

दुसरी खूण डोळ्यांची: ते स्वच्छ, काळे आणि भरलेले असावेत, दुधाळ आणि खोल गेलेले नसावेत. तिसरी स्पर्शाची: अंग दाबल्यावर टणक लागावे आणि बोट काढताच खळगा भरून यावा. चौथी वासाची. ताज्या माकुलाला समुद्राचा, ओल्या वाळूचा हलका वास असतो. नाकात चढणारा अमोनियासारखा उग्र वास आला, तर घासाघीस न करता पुढे जावे, कारण हा वास कितीही आले-लसूण लावले तरी जात नाही. डोके आणि अंग जिथे जुळते ती जागाही पाहावी. तिथून डोके सैल होऊन लोंबत असेल किंवा पोटातला ऐवज बाहेर आला असेल, तर माल जुना आहे.

एक गोष्ट मात्र या खुणांनाही फसवते. बर्फ वितळून साचलेल्या गोड्या पाण्यात माकुल तासन्‌तास ठेवले, की ते पाणी शोषून फुगते, ठिपके फिके पडतात आणि ते अगदी पांढरेशुभ्र दिसू लागते. साफ करून, चकत्या कापून ठेवलेला पांढराशुभ्र माल घेताना तर काहीच कळत नाही. असे माकुल कढईत पडताच वाटीभर पाणी सोडते, तळण्याऐवजी उकडले जाते आणि दोन मिनिटांचा हिशेब कोलमडतो. म्हणून सुरुवातीला तरी आपण कातडीसह, डोक्यासह, अख्खेच माकुल घ्यावे.

हंगामाचे म्हणाल, तर 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत बाजारात दिसणारे माकुल बहुधा बर्फातले किंवा शीतगृहातले असते. नारळी पौर्णिमा होऊन होड्या नियमित जाऊ लागल्या, की माल येऊ लागतो आणि माझ्या अनुभवात पाऊस सरल्यापासून थंडीपर्यंतचे दिवस माकुलासाठी सर्वांत चांगले. मिरकरवाड्याला लिलावाच्या वेळी जाता आले तर जावे. हर्णैला गेलात, तर तिथला किनाऱ्यावरचा संध्याकाळचा लिलाव पाहण्यासारखा असतो. लिलावात मोठ्या पाट्या जातात, आपल्यासारख्यांनी तिथूनच माल उचललेल्या कोळणीकडून किरकोळ घ्यावे. मोठे आणि एकसारख्या आकाराचे माकुल पुष्कळदा निर्यातीसाठी बाजूला काढले जाते आणि किरकोळ बाजारात लहानमोठे मिसळून वाट्यावर मिळते. त्यात आपला तोटा नाही. माकुल उजेडाकडे धावते, म्हणून काही जण प्रखर एलईडी दिवे लावून ते पकडतात. केंद्र सरकारने 2017 मध्ये या दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली आहे, तरी लहान मच्छीमारांची त्याबाबतची तक्रार अजून थांबलेली नाही. माझ्या ओळखीची कोळीण तर वाट्यात अगदी बोटाएवढी पिल्ले दिसली, की मालाला हात लावत नाही.

आकाराचा हिशेब मी असा ठेवते. डोके सोडून नुसती नळी वितीच्या आत, म्हणजे साधारण चार ते सहा इंच असेल आणि भिंत पातळ असेल, तर ते दोन मिनिटांच्या पदार्थासाठी. नळी सात-आठ इंचांच्या पुढे गेली आणि भिंत बोटाला जाड लागली, तर कालवण किंवा सुके. मधल्या आकाराचे भरण्यासाठी उत्तम. वाट्यात दोन्ही मिसळून आले, तर घरी आल्यावर दोन ढीग करावेत. एकत्र शिजवले, तर लहान विरते किंवा मोठे चिवट राहते. वजनाचाही अंदाज असू द्यावा: किलोभर अख्ख्या माकुलाचे साफ केल्यावर सहाशे ते सातशे ग्रॅम हाती लागते आणि शिजल्यावर ते आणखी पुष्कळ आक्रसते. चार माणसांना पोटभर हवे असेल, तर एक किलोहून कमी घेऊ नये.

कोळीण थोडे पैसे घेऊन साफ करून देते, आणि घाई असेल त्या दिवशी जरूर करून घ्यावे. फक्त ‘पाय टाकू नका’ असे आधी सांगावे, कारण काही जणी गिऱ्हाईक नवे दिसले, की डोक्याबरोबर पायही टाकून देतात, आणि माझ्या मते माकुलाची खरी चव पायांतच असते. तरी घरी साफ करायला शिकावे. मासा खवलण्यापेक्षा हे काम सोपे आहे, सुरी नीट धरता येत नसली तरी जमते आणि पाच-सहा माकुलांनंतर हात आपोआप चालू लागतो.

एका हातात नळी धरावी, दुसऱ्या हाताची बोटे नळीच्या तोंडातून थोडी आत घालून डोक्याचा जोड मोकळा करावा आणि डोके हलकेच, एकाच संथ ओढीने बाहेर खेचावे. हिसका दिला, की आतड्याचा भाग तुटून आत राहतो आणि शाईची पिशवी फुटते. संथ ओढले, तर सगळा ऐवज डोक्याला चिकटून अखंड बाहेर येतो. त्यात चंदेरी-काळसर, लांबट अशी एक छोटी पिशवी दिसते, तीच शाईची. ती फुटली तरी घाबरण्याचे कारण नाही; शाई विषारी नसते आणि युरोपात तर ती मुद्दाम भातात घालून काळा भात करतात. आपल्याकडे ती कालवण काळे करते म्हणून टाकतात, एवढेच. कपड्यावर पडली, तर मात्र लगेच थंड पाण्याखाली धरावी. वाळली, की डाग हट्टी होतो. मादी असेल, तर नळीत पांढऱ्या, गुळगुळीत, लांबट गाठींची जोडी सापडते, आणि अंडीही असू शकतात. गाठी आणि अंडी दोन्ही खाण्याजोगी असतात. आमच्याकडे ती आधी घरातल्या मुलांच्या ताटात जातात.

डोके पाटावर ठेवून डोळ्यांच्या पुढे, पायांच्या बाजूला सुरी चालवावी, म्हणजे आठ आखूड पाय आणि दोन लांब सोंडा एका कड्याने जोडलेल्या राहतात. त्या कड्याच्या मधोमध दाबले, की हरभऱ्याएवढी कडक काळी चोच टपकन बाहेर येते, ती टाकावी. डोळे कापायचे झाल्यास पाण्यात बुडवून कापावेत, नाही तर आतला द्रव थेट तोंडावर उडतो. हे मी अनुभवाने सांगते. सोंडांच्या टोकांवरच्या चोषकांना बारीक दातेरी कडी असतात. मोठ्या माकुलात ती जिभेला टोचतात, म्हणून सुरीच्या पाठीने खरवडावीत. लहान माकुलात हा खटाटोप नको.

नळीत परत बोट घालून ती पारदर्शक काडी चाचपून ओढून काढावी. ती एकसंध निघते. तुटली, तर उरलेला तुकडा शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ती कितीही शिजवली तरी मऊ होत नाही आणि घासात आली, तर खाणाऱ्याला प्लास्टिक सापडल्यासारखे वाटते. मग पंखांच्या बुडाशी बोट घालून ते बाजूला खेचावेत, म्हणजे त्यांच्याबरोबर जांभळी कातडी सोलली जाऊ लागते. कोरड्या फडक्याने धरली, तर निसटत नाही. कातडी विषारी किंवा घाण नसते आणि अगदी लहान माकुलाची मी ती काढतही नाही, रंग सुंदर येतो. मोठ्याची मात्र काढावी, कारण तीच शिजताना आधी आक्रसते आणि तुकडा मुरडते. सुटे केलेले पंख टाकू नयेत.

नळी आतून बोटाने पुसून घ्यावी. कधी कधी आत माकुलाने गिळलेला लहान मासा सापडतो, तो काढून टाकावा. धुताना वाहत्या पाण्याखाली एकदा, किंवा मिठाच्या पाण्यात चटकन खळबळून, एवढेच पुरे. साफ केलेले माकुल भांडेभर गोड्या पाण्यात टाकून बाकीचा स्वयंपाक करत बसू नये. बाजारात ज्या फुगण्यापासून आपण वाचलो, ते मग घरात होते. धुतल्यावर चाळणीत निथळवावे आणि तव्यावर करायचे असेल, तर फडक्याने आतून-बाहेरून टिपून पूर्ण कोरडे करावे.

कापण्याबद्दल एक बारीक गोष्ट आहे, जी मला कळायला बरीच वर्षे लागली. नळीतले बरेचसे स्नायू नळीभोवती गोल फिरलेले असतात. आपण आडव्या चकत्या कापतो, तेव्हा प्रत्येक कड्यात हे धागे लांबच्या लांब, अखंड राहतात. लहान माकुलात काही बिघडत नाही, पण मोठ्या माकुलाची कडी त्यामुळेच जास्त चामट लागतात. मोठी नळी एका बाजूने उभी चिरून पुस्तकासारखी उघडावी, आतल्या बाजूने सुरीने हलक्या तिरक्या रेघा माराव्यात आणि उभ्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. धागे तुटतात, मसाला रेघांत बसतो आणि शिजायला वेळही कमी लागतो.

आता दोन मिनिटांचा प्रकार. अर्धा किलो साफ केलेले लहान माकुल अर्ध्या इंचाच्या कड्यांत कापून, पायांसह कोरडे करून ठेवावे आणि त्याला अजून काहीही लावू नये. मीठ आधी लावले, की पाणी सुटते, आणि लिंबाचा रस किंवा कोकमाचे आगळ लावून तासभर ठेवले, तर आंबटाने वरचे मांस आधीच घट्ट होते. बांगड्याला चालते ते इथे चालत नाही. बिडाच्या तव्यावर किंवा जाड कढईत दोन मोठे चमचे तेलात एक मोठा कांदा, आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण आणि इंचभर आले लालसर करावे, त्यात दीड चमचा घरचा तिखट मसाला, हळद आणि मीठ घालून मसाला कोरडा, तेल सुटेपर्यंत पूर्ण परतावा, आणि मग तो बाजूला काढून ठेवावा. सगळी पाककृती इथेच संपते असे समजावे, कारण माकुल पडल्यानंतर मसाला शिजवायला वेळ उरत नाही. तवा पुसून धूर येईपर्यंत तापवावा, थोडे तेल घालून माकुल दोन किंवा तीन हप्त्यांत टाकावे. एकदम सगळे टाकले, तर तवा गार पडतो, पाणी सुटते आणि आपण न कळत आठव्या मिनिटावर पोचतो. कडी पांढरी, अपारदर्शक होऊन कडेने किंचित वळली, की साधारण दीड मिनिट झालेले असते. मसाला त्यावर टाकून दोनदा उलथावे, आच बंद करावी, वरून आगळाचा चमचा आणि कोथिंबीर घालून ताबडतोब वाढावे. माणसे पानावर बसल्यावरच तवा ठेवावा. आमच्या खानावळीतही हा पदार्थ मागणी आल्याशिवाय होत नाही.

तांदळाच्या पिठात थोडा बारीक रवा, तिखट आणि मीठ मिसळून, त्यात कोरडी कडी घोळवून कडकडीत तेलात तळली, तरी हिशेब तोच: दीड ते दोन मिनिटे. पीठ लालबुंद होण्याची वाट पाहत बसू नये, फिकट सोनेरी रंगावर काढावे.

चाळीस मिनिटांचा प्रकार नवख्याला अधिक सोपा जातो, आणि मला विचाराल, तर कोकणातल्या माणसाचे माकुल म्हणजे हेच. साफ केलेल्या अर्धा किलो मोठ्या माकुलाच्या पट्ट्या घ्याव्यात. जाड बुडाच्या टोपात तेलावर दोन कांदे बारीक चिरून गुलाबी करावेत, आले-लसणाचे वाटण एक मोठा चमचा, हळद आणि दोन चमचे मालवणी मसाला घालून परतावे आणि लगेच माकुल टाकावे. पाच मिनिटांत ते इतके पाणी सोडते, की नवीन माणसाला पदार्थ बिघडला असे वाटते. तेच पाणी त्याला शिजवणार असते, म्हणून वरून पाणी घालू नये. टोपावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालावे आणि आच मंद करावी. वीस मिनिटांनी चव पाहिली, तर ते चिवट लागेल. आपण गेल्या वेळी याच ठिकाणी थांबलात. तेव्हा हवे असल्यास बटाट्याच्या फोडी घालाव्यात आणि टोपातले पाणी आटत आले असेल, तर झाकणावरचे गरम पाणी थोडे आत ओतावे. पस्तीस मिनिटांनंतर एक जाड तुकडा काढून बोटांच्या चिमटीत दाबावा. नखाने सहज तुटला, तर झाले. नाही तर आणखी दहा मिनिटे. जाड माकुलाला तासही लागतो.

तुकडा मऊ झाल्यावरच भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे वाटण अर्धी वाटी घालावे, चार-पाच आमसुले टाकावीत आणि मीठही तेव्हाच चाखून घालावे. माकुलाचे स्वतःचे मीठ बरेच असते आणि ते आक्रसून रस आटला, की आधी घातलेले मीठ दुप्पट वाटते. वाटण आधी घातले, तर ते चाळीस मिनिटांत टोपाच्या बुडाला लागते. वाटणानंतर दहा मिनिटे पुरतात. सुके हवे असेल, तर झाकण काढून आटवावे; भाताबरोबर हवे असेल, तर नारळाचे पातळ दूध घालून एक उकळी द्यावी. घाईच्या दिवशी वाटणाच्या आधीचा टप्पा प्रेशर कुकरमध्ये करता येतो: पहिली शिट्टी झाली, की आच मंद करून दहा-बारा मिनिटे, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी.

भरलेले माकुल हा सणाचा, निवांत दिवसाचा पदार्थ. पाय आणि पंख बारीक चिरून, कांदा, हिरवी मिरची, ओले खोबरे, कोथिंबीर आणि मिळाल्यास मूठभर लहान कोलंबी यांच्याबरोबर पाच मिनिटे परतून सारण करावे आणि अखंड नळ्यांत भरावे. नळी दोन तृतीयांशच भरावी. ती शिजताना आक्रसते आणि गच्च भरलेली असेल, तर मधोमध फुटून सारण रश्शात पसरते. तोंड नारळाच्या झावळीच्या हिराने टाचून बंद करावे. दात कोरायच्या काडीनेही होते, पण हीर लवचीक असल्याने मांस फाटत नाही. मग वरच्याच मसाल्यात, तितकाच वेळ, मंद आचेवर आणि फार न हलवता.

मऊ करण्याच्या इतर युक्त्याही आपल्या कानावर येतील. खाण्याचा सोडा लावून ठेवल्याने माकुल पाणी धरून राहते आणि हॉटेलांत पुष्कळ ठिकाणी तसे करतात, पण प्रमाण किंचित जास्त झाले, तरी साबणासारखी चव येते आणि मांसाचा कस जातो. कच्ची पपई लावली, तर वरचा थर लगदा होतो आणि आतला तसाच राहतो. मी दोन्ही वापरत नाही. गोठवल्याने मात्र थोडा फायदा खराच होतो. आत बर्फाचे कण होऊन तंतू सैल होतात. म्हणून हंगामात स्वस्त मिळाले, तर साफ करून, कोरडे करून, एका वेळेपुरत्या पुड्या बांधून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. दोन महिन्यांत संपवाव्यात, आणि वितळवताना पाण्यात न टाकता रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. न गोठवता ठेवायचे असेल, तर आणल्या दिवशीच साफ करून दुसऱ्या दिवशी शिजवावे, त्याहून लांबवू नये. बाजारातून घर तासाभराच्या अंतरावर असेल, तर माकुल पिशवीत बांधून पिशवीभोवती बर्फ ठेवावा, बर्फात सुटे माकुल ठेवू नये.

घरात कोणाला कोलंबी किंवा कालवे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत असेल, तर त्यांनी माकुल जपून, खरे तर डॉक्टरांना विचारूनच खावे. अशांना ते पुष्कळदा सोसत नाही. शंभर ग्रॅम माकुलात साधारण पंधरा ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम दीड ग्रॅम चरबी असली, तरी कोलेस्टेरॉल सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या पुढे असते, हेही पथ्य असलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

शेवटी शिळ्याबद्दल, कारण तेही आपण विचारले आहे. टोपातले माकुल दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. मंद आचेवर झाकण ठेवून गरम करावे आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खावे. तव्यावरचे दोन मिनिटांचे उरले, तर ते पुन्हा तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नये, तिथे ते लगेच मधल्या चिवट वेळेत जाऊन पोचते. ते फ्रिजमधून काढून गारच, वर कच्चा कांदा आणि लिंबू पिळून खावे. नाही तर दुसऱ्या दिवशीच्या कालवणात टाकून पूर्ण चाळीस मिनिटे शिजवावे.